"कंपनीचं आहे, चालणारच"

खिशात मावणारं पिस्तूल बाळगायचं असतं, झाडायचं नसतं, असा एक सिद्धांत अमेरिकेतल्या बंदुकांच्या दुकानांत गेली कित्येक वर्षं बिनदिक्कत विकला जातो. छोट्या पिस्तुलाचा झटका हाताला झोंबतो, त्याची काडतुसं महाग पडतात, नेम जेमतेम लागतो. मग रेंजवर नेऊन ते झिजवायचं कशाला? नावाजलेल्या कंपनीचं घ्या, एक मॅगझिन झाडून पाहा, तेलाचा हात फिरवा आणि खिशात टाका. आधी दोनशे गोळ्या झाडून बघा असं सांगणारा माणूस या मंडळींना हौशी, नाहीतर शंकेखोर वाटतो.

सिद्धांत ऐकायला व्यवहारी आहे आणि त्यामुळेच तो खपतो. प्रत्यक्षात पिस्तूल जितकं लहान, तितकी त्याची तपासणी आणि देखभाल जास्त लागते. पिस्तूल लहान करताना नुसतं पोलाद कापलं जात नाही. थोडंफार चुकलं तरी ज्या ऐसपैस जागेमुळे यंत्रणा निभावून नेते, तीच आधी कापली जाते.

हे समजायला पिस्तूल आत काय करतं ते पाहावं लागतं. गोळी सुटली की वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, मागे फेकली जाते. जाताना ती रिकामी पुंगळी ओढून बाहेर टाकते आणि परतताना मॅगझिनच्या तोंडाशी आलेलं काडतूस ढकलत चेंबरमध्ये बसवते. मोठ्या पिस्तुलात स्लाइड वजनदार असते, तिचा प्रवास लांब असतो आणि मॅगझिनच्या स्प्रिंगला पुढचं काडतूस वर आणायला पुरेशी सवड मिळते. छोट्या पिस्तुलात स्लाइड हलकी असल्याने ती वेगाने मागे येते. तिला आवरायला स्प्रिंग कडक घालावी लागते, आणि कडक स्प्रिंग तिला तितक्याच जोरात पुढे ढकलते. मॅगझिनच्या स्प्रिंगची सवड संपते. काडतूस अर्धवट वर आलं असताना स्लाइड त्याच्यावर आदळते किंवा त्याच्यावरून निघून जाते. त्यात मूठ एवढी तोकडी की हाताची दोनच बोटं नीट बसतात. मनगट थोडं ढिलं पडलं की सगळं पिस्तूल स्लाइडबरोबर मागे जातं, स्लाइडचा प्रवास अपुरा राहतो आणि पुंगळी अर्ध्यात अडकते. म्हणजे पिस्तूल चालेल की नाही हे पिस्तुलाइतकंच ते धरणाऱ्या हातावर ठरतं, आणि तो हात कंपनीने कधी तपासलेला नसतो.

अमेरिकी सैन्याने मार्च १९११ मध्ये कोल्ट आणि सॅव्हेज या दोन पिस्तुलांची अखेरची परीक्षा घेतली. दोन दिवसांत प्रत्येकी सहा हजार गोळ्या झाडल्या. पिस्तूल तापलं की पाण्यात बुडवून थंड करायचं आणि पुन्हा सुरू. सॅव्हेज ३७ वेळा अडकलं, कोल्ट एकदाही नाही, आणि जॉन ब्राउनिंगचं ते पिस्तूल सैन्यात दाखल झालं. छोट्या पिस्तुलांचे विक्रेते आजही ही गोष्ट अभिमानाने सांगतात. त्या पिस्तुलाची नळी पाच इंचांची होती, हे सांगायचं मात्र राहून जातं. १९८५ साली कोल्टने त्याच घराण्यातलं साडेतीन इंची नळीचं ऑफिसर्स मॉडेल काढलं. आजोबांनी दिलेली परीक्षा नातवाच्या नावावर जमा होत नाही. रूगरचं एलसीपी तर त्याहून चिमुकलं, नळी पावणेतीन इंच आणि रिकामं वजन पाव किलोपेक्षा थोडं जास्त.

"पण कंपनी तपासतेच की!" हा यावरचा ठरलेला प्रतिप्रश्न. मग कंपन्यांनीच लिहून ठेवलेल्या इतिहासात डोकावावं. रूगरने एलसीपी बाजारात आणलं २००८ च्या सुरुवातीला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कंपनीने ते परत मागवलं, कारण चेंबरमध्ये काडतूस असताना पिस्तूल कठीण जमिनीवर पडलं तर गोळी सुटू शकत होती. २०१३ च्या एकट्या ऑगस्ट महिन्यात दोन बड्या कंपन्यांवर ही पाळी आली. स्मिथ अँड वेसनने शील्डच्या ग्राहकांना सावध केलं, कारण पिस्तूल पडल्यावर गोळी सुटू नये म्हणून चापात केलेली व्यवस्थाच आतल्या एका पिनेमुळे बिघडू शकत होती. स्प्रिंगफील्डने एक्सडी-एस परत मागवलं, कारण काडतूस भरताना स्लाइड सोडली की आपोआप गोळी सुटण्याची किंवा चाप एकदा ओढल्यावर दोन गोळ्या सुटण्याची शक्यता होती. नोव्हेंबर २०२० मध्ये स्मिथ अँड वेसनच्याच शील्ड ईझेडच्या घोड्याला तडा जाण्याची भीती निघाली. ही सगळी खास बाळगण्यासाठी बनवलेली पिस्तुलं, आणि यातली एकही कंपनी गल्लीबोळातली नाही.

सगळ्यात बोलकं उदाहरण रेमिंग्टनच्या आर५१ चं. २०१४ मध्ये गाजावाजा करून आणलेलं हे पिस्तूल काही महिन्यांतच मागे घ्यावं लागलं. कंपनीने दिलेला खुलासा मुळातून समजून घेण्यासारखा आहे. जाणकारांनी आधी तपासलेली पिस्तुलं उत्तम चालली होती. नमुन्यावरून कारखान्यातल्या मोठ्या उत्पादनाकडे जाताना घोटाळा झाला. म्हणजे मासिकांत ज्याची तारीफ छापून आली ते पिस्तूल वेगळं आणि गिऱ्हाइकाच्या हाती पडलं ते वेगळं. "कंपनीने तपासलंय" या वाक्यातलं पिस्तूल नेमकं कोणतं, हे विचारायला हवं ते यासाठी. सुधारलेलं आर५१ यायला २०१६ उजाडलं.

सरकार लक्ष ठेवत असेल, असंही कुणाला वाटेल. अमेरिकेत १९७२ च्या कायद्याने ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षिततेसाठी एक आयोग नेमला गेला. तो टोस्टर परत मागवायला लावू शकतो, पाळणा आणि खेळणीही. बंदुका मात्र त्याच्या कक्षेबाहेर ठेवल्या आहेत. सदोष पिस्तूल परत मागवायचं की नाही हे बनवणाराच ठरवतो. उद्योगाच्या संस्थेने स्वतःसाठी आखलेली चाचणी आहे, पण ती ऐच्छिक. तिच्यात पिस्तूल चार फुटांवरून टाकतात ते रबराच्या जाड पट्टीवर. सिग साऊअरचं पी३२० अशा मानकांना उतरलेलंच होतं. पुढे २०१७ मध्ये ते एका विशिष्ट कोनात, पाठीवर पडलं की गोळी सुटते हे लोकांनी चित्रफितींत दाखवलं, आणि ऑगस्टमध्ये कंपनीने सुधारणेची मोहीम जाहीर केली. त्याआधीच सैन्याच्या चाचणीत हा दोष सापडला होता आणि सैन्याला द्यायच्या पिस्तुलांचे चापाचे भाग हलके करून घेतले गेले होते, हे पेंटॅगॉनच्या तपासणी विभागाच्या अहवालात नमूद आहे. दुकानातून पिस्तूल घेतलेल्या माणसाला ती सुधारणा मिळाली चित्रफिती फिरल्यानंतर.

कॅलिफोर्निया राज्याने मात्र आपला कायदा केला आहे. एका मॉडेलची तीन पिस्तुलं प्रयोगशाळेत प्रत्येकी ६०० गोळ्या झाडतात. पहिल्या वीस गोळ्यांत एकदाही अडकता कामा नये आणि ६०० मध्ये सहापेक्षा जास्त वेळा अडकता कामा नये. एक मीटरवरून पाडण्याची चाचणी आहे आणि तीही काँक्रीटवर. बंदूकवाले या कायद्याला जाचक म्हणून शिव्या घालतात. पण त्यातली सवलत मोजून पाहावी. सहाशेत सहा म्हणजे शंभरात एक. जाचक म्हणवणारा कायदाही दर शंभर गोळ्यांमागे एकदा अडकणाऱ्या पिस्तुलाला पास करतो.

आता "एक मॅगझिन झाडून पाहा" या सल्ल्याकडे वळू. याला उत्तर द्यायला बंदुकीचं ज्ञान लागत नाही, शाळेतलं गणित पुरतं. समजा एखादं पिस्तूल दर दहा गोळ्यांमागे सरासरी एकदा अडकतं, म्हणजे भंगारात काढण्याच्या लायकीचं आहे. तेही सहा गोळ्यांचं मॅगझिन न अडकता झाडून दाखवेल, याची शक्यता ५३ टक्के. निम्म्याहून जास्त वेळा ते परीक्षेत पास होणार! शंभरात एकदा अडकणारं पिस्तूल पन्नासची अख्खी पेटी निर्विघ्न संपवेल, ही शक्यता ६० टक्के. दोनशे गोळ्यांवर मात्र ती १३ टक्क्यांवर येते. दोनशे हा आकडा कुण्या हौशाच्या डोक्यातून निघालेला नाही, तो या हिशेबात बसतो. काहर कंपनी आपल्या पुस्तिकेत पहिल्या दोनशे गोळ्या झाडल्याशिवाय पिस्तूल विश्वासाचं मानू नये, असं ग्राहकालाच सांगते. दोनशे गोळ्या म्हणजे हमी नव्हे, हेही याच हिशेबातून निघतं. शिवाय खरं पिस्तूल फाशांसारखं वागत नाही. ते एका विशिष्ट मॅगझिनवर अडकतं किंवा एका विशिष्ट गोळीवर. म्हणून मॅगझिनवर खूण करून प्रत्येकाचा हिशेब वेगळा ठेवणारा माणूस शंकेखोर वाटला तरी बरोबर असतो.

गोळीचा मुद्दा निघालाच आहे तर तोही पाहू. छोट्या पिस्तुलाचा मालक रेंजवर जातो तेव्हा स्वस्तातली गोल टोकाची काडतुसं झाडतो. घरी येऊन मॅगझिनमध्ये भरतो ती महागडी, पोकळ टोकाची, वीस किंवा पंचवीसच्या डबीतली. म्हणजे परीक्षा एका गोळीची आणि भरवसा दुसरीवर. पोकळ टोकाच्या गोळीचा आकार वेगळा, काडतुसाची लांबी वेगळी, चेंबरमध्ये चढण्याच्या उतारावर ती घासते वेगळी. मोठं पिस्तूल हा फरक पचवतं. सीकॅम्पच्या पॉइंट ३२ पिस्तुलाचा आराखडाच विंचेस्टरची सिल्व्हरटिप ही एक गोळी समोर ठेवून केला होता आणि कुठली काडतुसं चालतील याची यादी कंपनी स्वतः देते. तिथे "काडतूस ते काडतूस" म्हणून चालत नाही. महाग पडतं ही तक्रार खरी आहे, पॉइंट ३८० ची पेटी नऊ मिलिमीटरपेक्षा जास्त पैसे घेते. पण तपासणीचा खर्च पिस्तुलाच्या किमतीतच धरायला हवा होता. तो परवडत नसेल तर मोठं, वापरलेलं, स्वस्त काडतुसांवर चालणारं पिस्तूल घ्यावं, असं दुकानदाराने सांगायला हवं. तो तसं सांगत नाही, कारण त्याला छोटं विकायचं असतं.

देखभालीबद्दलचा गैरसमज तर याहून विलक्षण आहे. पिस्तूल झाडलं नाही म्हणजे ते घाण झालं नाही, असं मानतात. आठ-दहा महिने पँटच्या खिशात राहिलेलं पिस्तूल उघडून पाहिलं तर वेगळंच दिसतं. कापडाची पिंजलेली लव तेलात भिजून करडा चिखल झालेली असते आणि ती मागच्या भागातल्या बारीक खाचांत, पुंगळी ओढणाऱ्या आकड्याच्या मागे आणि मॅगझिनच्या तळाशी बसलेली असते. स्लाइडच्या ज्या कडेला मांडीचा घाम लागतो तिथे तांबूस ठिपके उठतात. तेल जास्त झालं असेल तर ते झिरपत काडतुसांपर्यंत जातं आणि प्रायमरपर्यंत पोचलं तर ठिणगीच पडत नाही. कमी झालं असेल तर कडक स्प्रिंगखाली धातू धातूवर घासतो. यात न झाडलेल्या पिस्तुलाची शान ती काय!

आणखी एक गोष्ट डोळ्यांनी दिसत नाही. रात्री पिस्तूल रिकामं करून सकाळी तेच काडतूस पुन्हा चेंबरमध्ये चढवायचं, असा रोजचा नेम पुष्कळांचा असतो. प्रत्येक वेळी गोळीचं नाक उतारावर आपटतं आणि ती पुंगळीत कणाकणाने आत सरकते. आतली जागा कमी झाली की तेवढीच दारू जास्त दाब निर्माण करते. छोट्या, पातळ पिस्तुलात तो दाब सोसायला जादा पोलाद नसतं. उपाय अगदी साधा आहे. ते काडतूस नव्या काडतुसाशेजारी उभं करून उंची पाहायची आणि बुटकं दिसलं तर ते पुन्हा भरायचं नाही. एवढं करायलाही खिशातून पिस्तूल काढून पाहावं लागतं, आणि "टाका आणि विसरा" म्हणणारे तेच टाळायला शिकवतात.

"त्यापेक्षा रिव्हॉल्वर घ्या, ते अडकतच नाही," असा शेवटचा शहाणपणाचा सल्ला उरतो. अडकतं. अतिहलक्या रिव्हॉल्वरचा झटका इतका जबर असतो की चक्रातल्या उरलेल्या काडतुसांच्या गोळ्या पुंगळीतून पुढे सरकतात, त्यांचं टोक चक्राबाहेर येतं आणि चक्र फिरायचं थांबतं. म्हणूनच स्मिथ अँड वेसन आपल्या अशा काही रिव्हॉल्वरांच्या नळीवरच १२० ग्रेनपेक्षा हलकी गोळी वापरू नका असा इशारा कोरते. राहिली सुरक्षितता. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे मुंबईत अभिनेते गोविंदा कोलकात्याला निघायच्या तयारीत होते. परवान्याचं रिव्हॉल्वर ठेवताना ते हातातून निसटून पडलं आणि गोळी त्यांच्या पायात घुसली, असं त्यांच्याकडून सांगण्यात आलं. गोळी काढायला शस्त्रक्रिया करावी लागली. भारतात नऊ मिलिमीटर सामान्य नागरिकाला निषिद्ध. परवानाधारकाकडे बहुधा पॉइंट ३२ असतं. कानपूरच्या आयुध कारखान्याने २०१४ मध्ये आणलेलं अर्ध्या किलोचं 'निर्भीक' हेही त्याच जातीचं. परवान्यावर काडतुसांची मर्यादा असल्याने ते झाडलं जातं फार क्वचित. अशा शस्त्राची वर्षातून एकदा जाणकार कारागिराकडून तपासणी व्हायला हवी, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

अडकणं ही गैरसोय आणि आपोआप सुटणं हा धोका, असे दोन वेगळे कप्पे करणाऱ्यांना ब्रायको कंपनीचा खटला दाखवावा. १९९४ साली कॅलिफोर्नियात एका घरात पॉइंट ३८० चं स्वस्त ब्रायको पिस्तूल रिकामं करताना गोळी सुटली आणि सात वर्षांच्या मुलाला लागून तो मानेखाली कायमचा पांगळा झाला. त्या पिस्तुलात सेफ्टी काढल्याशिवाय चेंबर रिकामं करताच येत नव्हतं. मूळ आराखड्यात सेफ्टी लावूनही ते करता यायचं, पण तेव्हा पिस्तूल अडकायचं. कंपनीने अडकण्याचा दोष काढायच्या ऐवजी सेफ्टीचा उपयोग काढून टाकला, असं फिर्यादी पक्षाने मांडलं. २००३ मध्ये ओकलंडच्या ज्युरीने कंपनी आणि तिच्या मालकाकडून सुमारे अडीच कोटी डॉलर देववले आणि कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. टॉरसचं प्रकरणही फार वेगळं नाही. आयोवातल्या एका पोलीस डेप्युटीचं छोटं पिस्तूल पाठलागात पडून गोळी सुटली. त्याने लावलेल्या दाव्यातून झालेल्या समझोत्यात साडेनऊ लाखांच्या आसपास पिस्तुलं आली.

विरोधकांचं एक म्हणणं मान्य करायला हवं. छोटं पिस्तूल हजारो गोळ्यांसाठी बनलेलं नसतं आणि तेल-सफाईशिवाय दोन हजार गोळ्या झाडून दाखवण्याचे जे पराक्रम मोठ्या पिस्तुलांवर करतात, ते खिशातल्यावर करणं हा मूर्खपणा आहे. पण यावरून झाडूच नये असं निघत नाही. यावरून निघतं ते इतकंच की स्प्रिंगचं आयुष्य मोजून ती बदलली पाहिजे. आणि हे मोजता येतं. रॉरबॉच्या आर९ या चिमुकल्या नऊ मिलिमीटर पिस्तुलाची मुख्य स्प्रिंग दर दोनशे गोळ्यांनी बदला, असं ती कंपनी खुशाल सांगायची. लोक हसले, महागडं पिस्तूल आणि दोनशे गोळ्यांची स्प्रिंग! हसण्यापेक्षा दाद द्यायला हवी होती, कारण लहान आकाराची किंमत तिने लपवली नाही.

अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या जून २०२२ च्या ब्रूएन निकालाने पिस्तूल बाळगण्याच्या परवान्यासाठी खास कारण दाखवण्याची अट काढून टाकली आणि मराठी मंडळी मोठ्या संख्येने राहतात त्या न्यू जर्सी व कॅलिफोर्नियातही पिस्तूल बाळगणं पूर्वीपेक्षा सोपं झालं. २०२४ अखेर २९ राज्यांत तर परवानाच लागत नव्हता. तिथे पिस्तूल खिशात घालणाऱ्याने ते एकदा तरी झाडलेलं असावं अशी सक्ती कुणी करत नाही. तेव्हा ही जबाबदारी दोघांवर येते. मालकाने बाळगायची तीच काडतुसं, तीच मॅगझिनं आणि आपलाच हात घेऊन दोनशे गोळ्या झाडाव्यात; मध्ये अडकलं तर कारण शोधून मोजणी पहिल्यापासून धरावी. आणि कंपन्यांनी किती पिस्तुलं, कुठल्या काडतुसांवर, किती गोळ्या झाडून तपासली आणि स्प्रिंग कधी बदलायची, हे खोक्यावर छापावं. रॉरबॉसारख्या लहान कंपनीला निदान स्प्रिंगचा आकडा सांगता येत होता, तर रूगर, सिग आणि स्मिथ अँड वेसनला न सांगायला कोणतंही सबळ कारण नाही.